खालित्यावरील औषधे

खालित्यावरील औषधे : आनुवंशिकता आणि पौरुषजन हॉर्मोने (पुरुषत्वाची लक्षणे निर्माण करणारी अंतःस्रावी द्रव्ये) यांच्या संयुक्त परिणामाने पुरुषाच्या डोक्यावरील केस ठराविक क्रमाने विरळ होत जातात. या स्थितीस पुरुषी खालित्य आणि सामान्य व्यवहारात टक्कल असे म्हणतात. प्रथम कपाळाच्या दोन्ही बाजूंची केशरेषा मागे सरते व टाळूवरील केस विरळ होतात. पुढे ही दोन क्षेत्रे एकमेकांस मिळून कानांच्या वर व मागे केवळ एक पट्टा शिल्लक राहतो. १,००५ पुरुषांच्या एका भारतीय पाहणीत ३० ते ५० वर्षे वयोगटातील ५८ टक्के पुरुषांत हे लक्षण कमीअधिक प्रमाणात आढळले. या स्थितीवर परिणामकारक ठरलेली औषधे विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत उपलब्ध झाली. त्यांचा इतिहास, त्यांच्या दीर्घकालीन परिणामाविषयी मिळालेला पुरावा आणि महाराष्ट्राच्या औषधनिर्मितीशी असलेला त्यांचा संबंध यांचा विचार येथे केला आहे.

केसांची वाढ व ऱ्हास : मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील केशपुटकातून उगवतो. दोन ते सहा वर्षे वाढल्यावर तो सुमारे तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत राहतो व गळून पडतो. त्याच पुटकातून पुन्हा नवा केस येतो. त्यामुळे दररोज पन्नास ते शंभर केस गळणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. खालित्यात केवळ केस गळत नाहीत, तर पुटक दरवेळी अधिक लहान होते व त्यातून येणारा केस पूर्वीपेक्षा बारीक, आखूड व फिकट असतो. अखेरीस तेथे नुसती लव उरते. टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनापासून ५-आल्फा रिडक्टेज या एंझाइमाच्या साहाय्याने बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन हे द्रव्य या ऱ्हासास कारणीभूत असते. पुटकाची या द्रव्याविषयीची संवेदनक्षमता आनुवंशिक असून तीत अनेक जीनांचा भाग असतो. त्यांपैकी एक महत्त्वाचा जीन मातेकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आईच्या माहेरच्या पुरुषांकडे पाहून अंदाज बांधण्याच्या रूढ समजुतीस काही आधार आहे. मात्र पित्याकडील वारसाही तितकाच विचारात घ्यावा लागतो.

पूर्वेतिहास : टकलावरील उपचारांचा शोध फार प्राचीन आहे. इ. स. पू. सुमारे १५५० मधील एबर्स पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय हस्तलिखितात सिंह, पाणघोडा, मगर इ. प्राण्यांच्या चरबीचे लेप सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त अथवा खालित्य या नावाने या विकाराचे वर्णन येते. रोमकूपांतील पित्त वातासह केस पाडते व त्यानंतर कफ आणि रक्त रोमकूपांचा मार्ग अडवितात, म्हणून तेथे पुन्हा केस उगवत नाहीत, अशी त्यामागील उपपत्ती होती. माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद यांनी सिद्ध केलेली तेले महाराष्ट्रात आजही घरोघरी वापरली जातात. केसांना स्निग्धता देण्यास ती उपयोगी असली, तरी पुरुषी खालित्य वर्षानुवर्षे रोखून धरल्याचा तुलनात्मक पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिलेला नाही.

षंढांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ याच्या नावावर असलेल्या सूत्रांत आढळते. त्याचा शास्त्रीय अर्थ अमेरिकन शारीरविज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये लावून दाखविला. ज्यांचे वृषण प्रौढत्वापूर्वीच निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नसे. परंतु त्यांना टेस्टोस्टेरोन दिल्यावर, ज्यांच्या कुटुंबात टकलाची परंपरा होती त्यांचे केस जाऊ लागले. हॉर्मोन बंद केल्यावर ऱ्हास थांबला, पण गेलेले केस परतले नाहीत. ऱ्हासाचे कारण दूर केल्याने पुढील हानी टळते, झालेली हानी भरून निघतेच असे नाही. हा धडा पुढील सर्व औषधांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने खरा ठरला. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेले खालित्याच्या अवस्थांचे वर्गीकरण ओटार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये विस्तारले व ते आजही प्रचलित आहे.

मिनॉक्सिडिल : हे औषध अमेरिकेतील अपजॉन कंपनीने तीव्र रक्तदाबासाठी विकसित केले. कोलोरॅडो विद्यापीठात त्याच्या चाचण्या चालू असता १९७१ च्या सुमारास काही रुग्णांच्या अंगावर अनपेक्षितपणे केस वाढू लागल्याचे दिसले. चार्ल्स चिड्सी व त्वचारोगतज्ज्ञ गिंटर कान यांचे लक्ष या उपपरिणामाकडे गेले. औषधाचा विद्राव त्वचेवर लावून केस उगवतात काय, याची परीक्षा कान व त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी प्रथम स्वतःच्या शरीरावर घेतली. शोधाच्या श्रेयावरून कंपनीशी दीर्घ वाद होऊन १९८६ मध्ये मिळालेल्या एकस्वात (पेटंटात) चिड्सी व कान यांची नावे नोंदली गेली. रक्तदाबावरील गोळी म्हणून मिनॉक्सिडिल १९७९ मध्ये, तर डोक्यास लावण्याचा २ टक्के विद्राव म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ५ टक्के विद्राव पुढे १९९७ मध्ये आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९३ पुरुषांवरील चाचणीत ४८ आठवड्यांअखेर ५ टक्के विद्रावाने २ टक्के विद्रावापेक्षा ४५ टक्के अधिक केशवाढ झाल्याचे आढळले.

मिनॉक्सिडिल हॉर्मोनांच्या कार्यात ढवळाढवळ करीत नाही. ते पुटकाची विश्रांतीची अवस्था आखूड करते व वाढीची अवस्था लांबविते. विश्रांत अवस्थेतील जुने केस एकदम गळू लागल्याने प्रारंभीच्या काही आठवड्यांत केस अधिक गळल्यासारखे वाटतात आणि पुष्कळ जण याच टप्प्यावर घाबरून उपचार सोडतात. औषध कार्यक्षम होण्यासाठी त्याचे पुटकातील एका एंझाइमाकडून रूपांतर व्हावे लागते. या एंझाइमाचे प्रमाण व्यक्तिपरत्वे बदलते, म्हणून सर्वांना सारखा लाभ होत नाही.

फिनास्टराइड : या औषधाचा उगम डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात केलेल्या संशोधनात आहे. ज्यूलिॲन इंपेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तेथील काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुटुंबांतील काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत आणि वयात आल्यावर त्यांच्यात पुरुषी लक्षणे प्रकट होत. त्यांच्यात ५-आल्फा रिडक्टेज या एंझाइमाची जन्मजात उणीव होती. मोठेपणी त्यांची अष्ठीला ग्रंथी लहानच राही आणि त्यांची केशरेषाही मागे सरत नसे. या एंझाइमास रोखणारे द्रव्य तयार करण्याचे काम मर्क कंपनीने हाती घेतले. त्यातून निघालेले फिनास्टराइड १९९२ मध्ये अष्ठीला ग्रंथीच्या वाढीवर ५ मिग्रॅ. मात्रेत आणि डिसेंबर १९९७ मध्ये पुरुषी खालित्यावर १ मिग्रॅ. मात्रेत अमेरिकेत मान्य झाले. ते रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटविते. ड्यूटास्टराइड हे त्याच वर्गातील नंतरचे औषध एंझाइमाच्या दोन्ही प्रकारांना रोखते व हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक खाली आणते. खालित्यासाठी त्यास दक्षिण कोरियात २००९ मध्ये व जपानमध्ये २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

दीर्घकालीन परिणाम : सहा महिन्यांत किंवा वर्षभरात दिसलेली सुधारणा पुढे टिकते काय, हा या औषधांविषयीचा मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर सुधारणा कशाशी ताडून पाहिली यावर अवलंबून असते. रुग्ण आरशात आजच्या केसांची तुलना उपचारापूर्वीच्या केसांशी करतो. औषध घेतलेच नसते तर आज किती केस उरले असते, ही तुलना त्याला करता येत नाही. ती केवळ औषधहीन गोळी (प्लासीबो) दिलेल्या गटावरून करता येते.

फिनास्टराइडाची या दृष्टीने झालेली सर्वांत महत्त्वाची चाचणी १८ ते ४१ वर्षे वयाच्या १,५५३ पुरुषांवर सुरू झाली व तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. टाळूवरील एक इंच व्यासाच्या वर्तुळात प्रारंभी सरासरी ८७६ केस होते. औषध घेणारा गट व औषधहीन गट यांच्यातील अंतर पहिल्या वर्षाअखेर १०७, दुसऱ्या वर्षाअखेर १३८ आणि पाचव्या वर्षाअखेर २७७ केस इतके झाले. औषध घेणाऱ्यांची वाढ पहिल्या दोन वर्षांतच शिखरास पोहोचली होती. त्यानंतर त्यांच्या केसांची संख्या वाढली नाही, उलट किंचित घटली. तरीही अंतर रुंदावत गेले, कारण औषधहीन गटातील केस सतत जात राहिले. छायाचित्रांच्या परीक्षणानुसार पाच वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांत केस वाढलेले, ४२ टक्क्यांत जैसे थे व १० टक्क्यांत कमी झालेले आढळले. औषधहीन गटात हेच प्रमाण अनुक्रमे ६, १९ व ७५ टक्के होते. मात्र शेवटच्या वर्षांत औषधहीन गटात फारच थोडे पुरुष उरले होते, ही या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवावयास हवी.

दहा वर्षांपर्यंतची निरीक्षणे इटलीत (११८ पुरुष, २०११) व जपानमध्ये (५३२ पुरुष, २०१९) प्रसिद्ध झाली असून तीही अनुकूल आहेत. जपानी पाहणीत तर ९९ टक्के पुरुषांत ऱ्हास थांबल्याचे नमूद आहे. परंतु या पाहण्यांत तुलनेसाठी औषधहीन गट नव्हता. शिवाय ज्यांना लाभ होतो तेच दहा वर्षे औषध घेत राहतात आणि निराश झालेले मध्येच निघून जातात. त्यामुळे अशा आकड्यांतून औषधाचे यश प्रत्यक्षाहून मोठे दिसण्याचा संभव असतो. मिनॉक्सिडिलाच्या ३१ पुरुषांवरील पाच वर्षांच्या निरीक्षणात (१९९०) वाढ पहिल्या वर्षी सर्वाधिक होऊन नंतर हळूहळू ओसरली. तरीही ती मूळ पातळीच्या वर राहिली.

दोन्ही औषधांच्या बाबतीत एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली आहे : औषध थांबविले की लाभ जातो. वर्षभर फिनास्टराइड घेऊन नंतर औषधहीन गोळीवर आणलेल्या पुरुषांत मिळालेली वाढ पुढील वर्षभरात नाहीशी झाली. मिनॉक्सिडिल बंद केल्यावर साधारणपणे सहा महिन्यांत केस औषध न घेणाऱ्यांच्या पातळीवर येतात. म्हणून बाविसाव्या वर्षी उपचार सुरू करणाऱ्या तरुणाने बावन्नाव्या वर्षापर्यंत तो चालू ठेवावयाचा म्हटल्यास त्यास सुमारे ११,००० गोळ्या घ्याव्या लागतील किंवा विद्रावाच्या ६० मिलि. च्या सुमारे ३६५ बाटल्या वापराव्या लागतील. दोन-तीन महिन्यांचा उपचार करून सोडून देणे म्हणजे खर्च करूनही पदरात काही न पडणे होय.

केशारोपणाची शस्त्रक्रियाही यास अपवाद नाही. नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे मानेकडील पुटके टाळूवर लावली, तरी आपला मूळ गुणधर्म टिकवून धरतात. परंतु आजूबाजूच्या मूळ केसांचा ऱ्हास चालूच राहतो व तो रोखण्यासाठी पुन्हा औषधांचाच आधार घ्यावा लागतो.

दीर्घकाल वापरातील धोके : १ मिग्रॅ. फिनास्टराइडाच्या मूळ चाचण्यांत लैंगिक स्वरूपाच्या तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत, तर औषधहीन गटात २.१ टक्के पुरुषांत आढळल्या. बहुतेकांत त्या औषध थांबविल्यावर नाहीशा झाल्या. तथापि काहींत त्या नंतरही टिकल्याच्या नोंदी आल्याने २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने माहितीपत्रकात तशी भर घातली. आत्महत्येचे विचार हा या औषधाचा संभाव्य दुष्परिणाम असल्याचे यूरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. तो किती जणांत होतो, हे ठरविता आलेले नाही. परंतु मन उदास होऊ लागल्यास औषध थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा, असा निर्देश आहे. ५ मिग्रॅ. मात्रेची सात वर्षांची एक चाचणी १८,८८२ पुरुषांवर झाली. तिच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, मात्र त्यातील तीव्र स्वरूपाचे कर्करोग औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. दीर्घ पाठपुराव्यात दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत फरक दिसला नाही. फिनास्टराइडामुळे या कर्करोगाच्या रक्तचाचणीतील आकडा सुमारे निम्मा होतो. म्हणून उतारवयात तपासणी करताना औषधाची माहिती डॉक्टरांस देणे अगत्याचे असते. ड्यूटास्टराइड घेणाऱ्याने शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने रक्तदान करू नये.

मिनॉक्सिडिल लावल्याने टाळूला खाज व कोरडेपणा येऊ शकतो. अलीकडे ते अल्प मात्रेत पोटात घेण्याचा प्रघात पडला आहे. ब्राझीलमधील ९० पुरुषांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत (२०२४) ५ मिग्रॅ. ची गोळी ५ टक्के विद्रावापेक्षा सरस ठरली नाही.

भारतातील उत्पादन व तारापूर : ही औषधे भारतीय पुरुषाच्या आवाक्यात येण्याचे श्रेय १९७० च्या एकस्व अधिनियमाकडे जाते. २० एप्रिल १९७२ पासून लागू झालेल्या या कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर एकस्व देण्याची तरतूद केली. वेगळी प्रक्रिया शोधून तेच द्रव्य बनविण्यास भारतीय उत्पादकांना मोकळीक मिळाली व १ जानेवारी २००५ रोजी द्रव्यावरील एकस्व पुन्हा सुरू होईपर्यंत ती टिकली. अमेरिकेतील एकस्वाची मुदत संपण्यापूर्वीच फिनास्टराइडाच्या भारतीय गोळ्या बाजारात आल्या, त्या यामुळेच.

या धोरणातून वाढलेल्या मूल औषधद्रव्यांच्या उद्योगाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र तारापूर औद्योगिक क्षेत्र हे होय. मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किमी. वर, पश्चिम रेल्वेवरील बोईसर स्थानकाजवळ ते वसले असून १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेल्या या क्षेत्रात औषधद्रव्ये, रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. गोळी कोणत्याही गावी बनो, तिच्यातील क्रियाशील द्रव्य अशाच क्षेत्रांतील संयंत्रांत तयार होते. फिनास्टराइडासारख्या द्रव्याची भुकटी हाताळताना विशेष खबरदारी घ्यावी लागते. गर्भवती स्त्रीच्या त्वचेतून ते शरीरात गेल्यास पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष येऊ शकतो. म्हणून गोळीवर लेप दिलेला असतो आणि उत्पादनात बंदिस्त यंत्रणा व संरक्षक पोशाख आवश्यक ठरतात. स्वस्त औषधाची सर्व किंमत वेष्टनावर छापलेली नसते, हेही या परिसरात दिसून आले आहे. औद्योगिक सांडपाण्याने खाड्या व समुद्रकिनारा दूषित झाल्याबद्दल मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली व जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने तेथील कारखान्यांवर भरपाई बसविली. हा दोष सर्व प्रकारच्या उद्योगांचा मिळून होता, कोण्या एका औषधाचा नव्हे.

निदानाचे महत्त्व : रासायनिक कारखाने आणि १९६९ पासून कार्यरत असलेले अणुविद्युत् केंद्र यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने केस जाऊ लागताच पाणी, धूर किंवा किरणोत्सर्ग यांवर संशय घेणे स्वाभाविक आहे. परंतु विषारी द्रव्याने वा किरणोत्सर्गाने होणारे केशपतन अल्पावधीत, साऱ्या डोक्यावर आणि स्त्रीपुरुष असा भेद न करता होते. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लहानथोरांचे केस काही दिवसांतच गळून पडले. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात व आहारातील गव्हात सिलिनियमाचे प्रमाण फार अधिक आढळले. अशा केशपतनात कारण शोधून दूर करणे हाच उपचार असतो व केस बहुधा परत येतात. कपाळ व टाळूपुरते मर्यादित आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढणारे खालित्य पाणी बदलल्याने थांबत नाही. या दोहोंची गल्लत झाली, तर पहिल्या प्रकारात खरे कारण दुर्लक्षिले जाते व दुसऱ्यात औषधाने केस राखता येण्याजोगा काळ वाया जातो.

मूल्यमापन : भारतीय औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही अशा विकारांच्या यादीत टक्कल हे नाव आहे. अर्धशतकाच्या संशोधनानंतरही ही तरतूद शास्त्रीय वस्तुस्थितीस धरूनच आहे. ज्ञात औषधे खालित्य बरे करीत नाहीत. ती त्यास विलंब लावतात. लवकर सुरू केल्यास व खंड न पाडल्यास अनेक पुरुषांत हा विलंब पाच-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण पूर्ण गुळगुळीत झालेल्या टाळूवर त्यांचा उपयोग होत नाही आणि उपचार थांबविताच राखलेले केसही जातात. खालित्याने आयुष्य घटत नाही वा शरीराचे कोणतेही कार्य अडत नाही. त्यामुळे दीर्घकाळ चालवावयाचा हा उपचार पत्करावा की वाढते टक्कल स्वीकारावे, याचा निर्णय सर्वस्वी त्या पुरुषाचा असतो. तो घेताना लाभ, धोका व खर्च या तिन्हींचा हिशेब महिन्यांत नव्हे, तर वर्षांत करणे आवश्यक आहे.